पटकथेचा मधला भाग का ढेपाळतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: पहिलं मोठं वळण 25 ते 27 पानांच्या दरम्यान यायलाच हवं, असं वाचलं. माझी पटकथा 96 पानांची आहे आणि वळण 31व्या पानावर येतं. आधीचे प्रसंग कापू का?

उत्तर: नुसता पानाचा आकडा बघून कात्री लावू नका. हा आकडा पटकथालेखनाचे अमेरिकन शिक्षक सिड फील्ड यांनी 1979 मध्ये मांडलेल्या आराखड्यातला आहे. त्यात 120 पानांची पटकथा गृहीत धरली आहे: पहिला अंक साधारण 30 पानांचा, दुसरा 60, तिसरा 30. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट हा हिशोबही ठरावीक टंक (फाँट), ठरावीक समास आणि इंग्रजी लिपी यांवर बेतलेला आहे. देवनागरीत लिहिलं, किंवा डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद अशा दोन रकान्यांत लिहिलं, की तो कोलमडतो. म्हणून आधी घड्याळ लावून पटकथा मोठ्यानं वाचा आणि बिनसंवादाच्या कृतींनाही त्यांचा पूर्ण वेळ द्या. एकूण 100 मिनिटं भरली, तर 1:2:1 या प्रमाणात वळण 25व्या मिनिटाच्या आसपास पडेल. तीन-चार मिनिटांचा फरक कुणाला जाणवत नाही.

तुमचं वळण मात्र जवळजवळ एक तृतीयांशावर आहे, म्हणजे खरंच उशिरा असण्याची शक्यता आहे. अशा वेळी बहुधा नायकाचा एकच स्वभाव तीन प्रसंगांत तीनदा दाखवलेला असतो. त्यातला सर्वांत बोलका प्रसंग ठेवा, बाकीचे काढा. आणि जे वळण म्हणून धरलंय ते वळण आहे ना, हेही तपासा. त्यानंतर नायकाला जुन्या आयुष्यात परतता येत नसेल आणि त्याच्या हाती एक निश्चित काम पडलं असेल, तरच ते वळण. नुसती बातमी कळत असेल, तर ती 25व्या पानावर आणूनही उपयोग नाही.

प्रश्न: माझी नायिका हरवलेल्या भावाला शोधायला निघते. सुरुवात आणि शेवट जमले आहेत. मधली 50 मिनिटं मात्र वाचणाऱ्या प्रत्येकाला कंटाळवाणी वाटतात. त्यात ती भावाच्या मित्राला, घरमालकाला, जुन्या मैत्रिणीला आणि एका सहकाऱ्याला भेटते. घटना भरपूर आहेत, मग अडतंय कुठे?

उत्तर: घटना भरपूर आहेत, पण त्या एकमेकींना जन्म देत नाहीत. एक प्रयोग करा. प्रत्येक प्रसंग एका कार्डावर एका ओळीत लिहा आणि दोन कार्डांच्या मध्ये जोडशब्द घाला. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसला तर जोड पक्का. ‘आणि मग’ शिवाय काही बसत नसेल, तर तिथे कथा तुटली आहे. तुमच्या चारही भेटींचा क्रम बदलून पाहा. काहीच बिघडत नसेल, तर निदान पक्कं झालं.

ही तक्रार फार जुनी आहे. संभाव्यता किंवा अपरिहार्यता नसताना एकामागून एक येणाऱ्या उपकथांच्या कथानकाला ॲरिस्टॉटलनं सर्वांत निकृष्ट म्हटलं, आणि कथा एकाच माणसाची आहे एवढ्यानं तिला एकसंधपणा येत नाही, हेही बजावलं. पण मधल्या भागासाठी खरी उपयोगी चौकट आपल्या नाट्यशास्त्रात आहे. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण या पाच संधींपैकी, म्हणजे कथानकाच्या टप्प्यांपैकी, गर्भसंधी म्हणजे दिसलेलं आणि मग हरवलेलं बीज (कथेचं मूळ सूत्र) पुन्हा पुन्हा शोधणं, असं धनंजयानं दशरूपक या नाट्यविषयक ग्रंथात म्हटलं आहे. ‘दिसलेलं’ हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या नायिकेला 50 मिनिटांत भाऊ एकदाही हाताशी आल्यासारखा वाटत नाही, त्यामुळे तो निसटतही नाही. आशा वाढत नाही, तेव्हा निराशेलाही धार येत नाही.

दुरुस्ती अशी करता येईल. 50 मिनिटांचे चार तुकडे करा, प्रत्येकी 12-13 मिनिटांचे. (अख्खा चित्रपट आठ तुकड्यांत बांधण्याची ही पद्धत पटकथेचे शिक्षक फ्रँक डॅनियल शिकवत. तिचा धागा जुन्या रिळांशी जोडला जातो. 35 मिमीचं हजार फुटांचं रीळ सेकंदाला 24 चौकटींच्या वेगानं सुमारे 11 मिनिटं चालतं.) प्रत्येक तुकड्यात नायिकेचा एकच डाव असू द्या आणि तो डाव फसल्यामुळेच पुढचा सुचू द्या. पहिल्या तुकड्यात ती उघड चौकशी करते. मित्र खोटं बोलतो, ते तिच्या लक्षात येतं, म्हणून दुसऱ्यात ती त्याचा पाठलाग करते आणि भावाच्या खोलीपर्यंत पोचते. खोली नुकतीच रिकामी झालेली. चहा अजून कोमट.

इथे, बरोबर मध्यावर, प्रश्नच बदला. भाऊ हरवलेला नाही, तो हिच्यापासूनच लपतो आहे, असं तिला कळतं. ‘तो कुठे आहे’ची जागा ‘मी असं काय केलं’ घेते. घरमालक आणि मैत्रीण आता तिसऱ्या तुकड्यात येतील आणि भावाऐवजी तिच्याबद्दल बोलतील. चौथ्यात ती शोध सोडून देण्याच्या टोकाला पोचेल. सहकाऱ्याला या साखळीत जागा उरत नाही. तो प्रसंग कितीही चांगला लिहिला असला तरी जाऊ द्या, किंवा त्यातली एखादी कामाची माहिती मैत्रिणीच्या तोंडी घाला.

उपकथानक ठेवायचंच असेल, तर नाट्यशास्त्रातलाच ‘बिंदू’ लक्षात ठेवा. मधल्या विषयानं मूळ सूत्र तुटल्यासारखं झालं की ते पुन्हा जोडणारा घटक म्हणजे बिंदू. एखादी वस्तू, एखादं वाक्य, एक फोनसुद्धा पुरतो. उपकथानकात सहा-सात मिनिटं गेली आणि बिंदू आला नाही, तर प्रेक्षक मूळ प्रश्न विसरतो.

प्रश्न: फ्रायटागच्या पिरॅमिडमध्ये उत्कर्षबिंदू मध्यावर आहे, पटकथेच्या पुस्तकांत तो शेवटाकडे येतो. कोण चुकतंय?

उत्तर: कुणीच नाही. दोघं वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात. गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकानं 1863 मध्ये ग्रीक आणि शेक्सपिअरच्या शोकांतिका समोर ठेवून पाच भाग पाडले. तिथे नायक मध्यावर सर्वांत उंच जातो आणि नंतर घसरतो. चित्रपटवाले निर्णायक अंतिम सामन्याला उत्कर्षबिंदू म्हणतात. फ्रायटागचं शिखर तुमच्या पटकथेत शोधायचं असेल, तर ते मध्याच्या वळणात शोधा. सरसकट पिरॅमिड वापरू नका. त्याचा उतार चित्रपटाला फार लांब पडतो.

प्रश्न: कथा सरळ क्रमानं सपाट वाटते. फ्लॅशबॅक घालून मागेपुढे केली तर रंगत येईल का?

उत्तर: सपाट कथा उलटीसुलटी करून सपाटच राहते, वर गोंधळ वाढतो. रशियन रूपवाद्यांनी (साहित्याच्या रचनेवर भर देणाऱ्या समीक्षकांनी) घटना घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम वेगळे मानले: घडण्याचा तो फाबुला, सांगण्याचा तो स्यूझेत. घडण्याच्या क्रमानं कार्डांवर आकडे घाला, सांगण्याच्या क्रमानं अक्षरं, आणि क्रम जिथे जिथे मोडतो तिथे विचारा: या क्षणी प्रेक्षकाच्या मनात कोणता प्रश्न आहे, आणि हा फ्लॅशबॅक त्याचं उत्तर देतो का? प्रश्न पडण्याआधीच दिलेलं उत्तर म्हणजे निव्वळ माहिती, आणि बहुतेक फ्लॅशबॅक इथेच मार खातात. दुसरी कसोटी परतीची. परतल्यावर समोरच्या पात्राचा चेहरा आपल्याला वेगळा दिसायला हवा. तो पूर्वीसारखाच दिसत असेल, तर फ्लॅशबॅक काढा. पहिल्या 15 मिनिटांत शक्यतो टाळाच, कारण वर्तमानाची घडी तेव्हा बसलेली नसते. काळ ओळखण्याची खूण एकच ठेवा, केसांची ठेवण किंवा एखादा आवाज, आणि ती शेवटपर्यंत पाळा.

प्रश्न: 10 मिनिटांच्या लघुपटालाही तीन अंक लागतात का?

उत्तर: बळजबरीनं पाडू नका. एक पात्र, एक गरज, एक अडथळा आणि एक निर्णय एवढं 10 मिनिटांत मावतं. गरज पहिल्या मिनिटाच्या आत दिसू द्या, श्रेयनामावली शेवटी ढकला. तीनपेक्षा जास्त स्थळं झाली की प्रत्येक ठिकाणी पोचण्यातच वेळ जातो. निर्णय आठव्या मिनिटाच्या आसपास घ्या आणि त्यानंतर संवाद ठेवू नका. फक्त परिणाम दिसू द्या.