राडारोडा नकाशावरच थांबवा

प्रश्न : सांगलीजवळ तळमजला अधिक दोन मजले असे घर बांधतो आहे. आर्किटेक्ट ‘लीन’ आणि ‘ग्रीन’ दोन्ही करू म्हणतात. ठेकेदाराच्या मते लीन म्हणजे कमी माणसांत काम, आणि ग्रीन म्हणजे सोलर. खरे काय? (एक वाचक, सांगली)

ठेकेदार दोन्हीकडे चुकतो आहे. लीनची मूळ कल्पना टोयोटाच्या कारखान्यातली : ज्याचा घरमालकाला उपयोग नाही ते करूच नये. बांधलेले फोडणे, आणलेला माल फेकणे, गवंड्याने मालाची वाट पाहत बसणे हे सगळे त्यात आले. सिमेंट आणि पोलाद तयार करताना प्रचंड इंधन जळते. त्यामुळे वाया गेलेली प्रत्येक गोणी ही पर्यावरणाचीही हानी आहे. सोलर नंतरही बसवता येईल. ओतलेले काँक्रीट परत घेता येत नाही.

एक हिशेब पाहा. स्लॅब ते स्लॅब 3 मीटर, बीम 450 मिमी, म्हणजे भिंतीला 2550 मिमी उरतात. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्याची) उंची 200, सांधा 3. असे 12 थर म्हणजे 2436. उरलेल्या 114 मध्ये 75 मिमीची आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटची) पट्टी, तळाशी 20 मिमी मसाला आणि बीमखाली 19 मिमी फट बरोबर बसते. एकही थर कापावा लागत नाही. पट्टी 100 मिमीची केली की गणित बिघडते, प्रत्येक भिंतीचा वरचा थर करवतीखाली जातो आणि ते तुकडे राडारोड्यात. हे नकाशावर अर्ध्या तासाचे काम आहे.

सळईचेही तसेच. बाजारात ती 12 मीटरची येते. कॉलमला 16 मिमीची सळई, मजला 3 मीटर आणि इंजिनिअरने जोड सळईच्या जाडीच्या 50 पट, म्हणजे 800 मिमी दिला असेल, तर तुकडा 3.8 मीटरचा. एका सळईत तीन बसतात, 60 सेंमी उरतात. फिटरने ‘असू दे जास्त’ म्हणत 4.1 मीटर कापले, तर दोनच तुकडे निघतात आणि उरतो 3.8 मीटरचा, म्हणजे मुळात हवा होता तेवढाच! आठ सळयांच्या कॉलमला एका मजल्यासाठी 12 मीटरच्या तीनऐवजी चार सळया लागतात. म्हणून कटिंगचा तक्ता आधी इंजिनिअरकडून तपासून घ्या, मगच पोलादाची ऑर्डर द्या.

दर शनिवारी गवंडी, फिटर, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना एकत्र बसवा. पुढच्या आठवड्याच्या प्रत्येक कामाला चारच प्रश्न : नकाशा आहे का, माल आला का, माणसे आहेत का, आधीचे काम संपले का? एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर ते काम यादीत घेऊ नका. ठरलेले राहिले तर कारण वहीत लिहा. महिन्याभरात एकच कारण पुन्हापुन्हा दिसू लागते; बहुधा ते वायरिंगचे असते. पॉइंट उशिरा ठरतात आणि गिलावा झालेल्या भिंतीत खाचा पाडाव्या लागतात.

प्रश्न : माल एकदम आणावा की लागेल तसा? (एक वाचक, बारामती)

सगळ्याला एकच नियम लावू नका. ब्लॉक पूर्ण गाडीनेच मागवा. अर्ध्या गाडीच्या दोन खेपांत डिझेल वाया जाते. सपाट जागेवर रचा, पावसात झाका, कारण ओला ब्लॉक भिंतीत वाळताना आकसतो आणि तडे जातात. सिमेंट मात्र दोन-तीन आठवड्यांपुरतेच आणा. फळ्यांवर, भिंतीपासून दूर, दहा गोण्यांपेक्षा उंच नको.

प्रश्न : फ्लाय ॲशचे (कोळशाची राख मिसळलेले) सिमेंट वापरले तर सेंटरिंग (स्लॅबखालचा साचा आणि टेकू) उशिरा निघते. मग लीन कुठे राहिले? (एक वाचक, नाशिक)

इथे दोन्ही विचारांची खरोखरच ओढाताण होते : राखेने सिमेंट वाचते हे ग्रीन, पण वाट पाहावी लागते हे लीनच्या उलट. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी, फ्लाय ॲशच्या सिमेंटला किमान 10. स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यात (दोन आधारांमधल्या अंतरात) 7 दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्यात 14 दिवसांनी काढता येतात. फ्लाय ॲशला मुदत वाढवावी लागते, ती इंजिनिअरच ठरवेल. घाईने टेकू काढून वेळ वाचवू नका, स्लॅब खाली झुकतो. वेळापत्रकात ते दिवस आधीच धरा. टेकूंचा दुसरा संच भाड्याने घ्या, आणि तोवर कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी, पुढच्या मजल्याचे सळईकाम चालू ठेवा.