वाटपाचा हुकूमनामा होऊन बारा वर्षे उलटली, तर हक्क बुडतो का?

आपण लिहिले आहे की, तासगाव तालुक्यातील वडिलोपार्जित शेतीच्या दाव्यात २०११ मध्ये आपल्या वडिलांच्या निम्म्या हिश्श्याचा प्राथमिक हुकूमनामा झाला, पुढे वडील वारले, कागद कपाटात पडून राहिले, आणि आता चुलते ‘बारा वर्षे झाली, तुमचा कागद रद्दी झाला’ असे सांगतात. मी कराडला दिवाणी बाजूची वकिली करतो आणि हीच भीती घेऊन आलेली माणसे वरचेवर भेटतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चुलत्यांचे म्हणणे बरोबर नाही. मुदतीच्या कायद्यातील अनुच्छेद १३६ ची बारा वर्षे अंमलबजावणीस योग्य झालेल्या हुकूमनाम्याला लागू होतात. प्राथमिक हुकूमनाम्याने कोणाचा हिस्सा किती एवढेच ठरते. कोणता तुकडा कोणाचा हे ठरेपर्यंत दावा जिवंतच असतो. शुभ करण बुबना विरुद्ध सीता सरन बुबना या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, पुढील कार्यवाहीसाठीचा अर्ज म्हणजे न्यायालयाला त्याच्या राहिलेल्या कामाची आठवण करून देणे आहे आणि त्याला मुदतीचे बंधन नाही. जून २०२२ मधील कट्टुकंडी एडाथिल कृष्णन प्रकरणात तर, प्राथमिक हुकूमनाम्यानंतर न्यायालयांनी वेगळ्या अर्जाची वाट न पाहता आपणहून प्रकरण पुढे चालवावे, असा निर्देश आहे.

शेतजमिनीचा मार्ग मात्र वेगळा आहे, आणि लोक इथेच चुकतात. गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली निकालाची नक्कल माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या पानावर, आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात, ‘जमिनीचे वाटप कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करावे’ अशी एक ओळ होती आणि ती घरात कोणी वाचलेलीच नव्हती. सारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या याच कलमाखाली महसूल यंत्रणा करते. न्यायालयाकडून कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे जातात. भूमी अभिलेख खाते मोजणी करते आणि सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा चांगला-हलका कस पाहून, वाटप तक्ता तयार होतो. आपल्या भागात खरा वाद क्षेत्रावरून कमी आणि विहिरीच्या पाण्यावरून, वाटेवरून, चुलत्यांनी मध्यंतरी लावलेल्या द्राक्षबागेवरून जास्त होतो, तेव्हा मोजणीच्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहा आणि हरकत असेल तर ती तिथल्या तिथे लेखी द्या.

दाव्यात घर किंवा गावठाणातील जागा असेल, तर त्यासाठी न्यायालयातूनच अंतिम हुकूमनामा, म्हणजे कोणता भाग कोणाचा हे ठरवणारा हुकूमनामा, घ्यावा लागतो, आणि त्या हुकूमनाम्यापासून बारा वर्षांचे घड्याळ खरोखर सुरू होते. मुद्रांकावर हुकूमनामा उतरवायला उशीर झाला म्हणून ती मुदत वाढत नाही, हे चिरंजीलाल विरुद्ध हरिदास (२००५) या निकालापासून पक्के आहे.

आपल्याला आत्या असतील तर तेही आताच विचारात घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालानुसार (ऑगस्ट २०२०) प्राथमिक हुकूमनामा झालेला असला, तरी अंतिम वाटप प्रलंबित असताना मुलींना सहदायकी मिळकतीत, म्हणजे एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत, मुलाइतका हिस्सा मागता येतो, त्यामुळे ‘निम्मा’ हा आकडा बदलू शकतो. तो त्यांचा हक्क आहे. तो लपवून केलेले वाटप पुढे टिकत नाही.

विलंबाबद्दल आपण विचारले आहे. मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रलंबित दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढण्यासाठी सर्व उच्च न्यायालयांना निर्देश दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशात ८.८२ लाखांहून अधिक दरखास्ती शिल्लक असल्याचे आढळले, आणि त्यांत सर्वाधिक, सुमारे ३.४ लाख, महाराष्ट्रातील होत्या. म्हणून तारखेला गैरहजर राहू नका आणि अर्जात या निकालाचा आधार अवश्य घ्या.

या आठवड्यात नकलेसाठी अर्ज करा, आदेशाचा भाग ओळीने वाचा आणि वडिलांच्या जागी सर्व वारसांची नावे दाखल करून घ्या. कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवण्याचा अर्ज त्यानंतर द्यावा.