ट्यूमर झालेल्या उंदराच्या टी पेशी (कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सुस्त का पडतात? पीडी-एल१ (ट्यूमरवरचं, टी पेशींना ब्रेक लावणारं प्रथिन) सोडून आणखी काही कारण असतं का?

असतं. पीडी-एल१चं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलंय, पण तो ब्रेक सोडवणारं अँटी-पीडी-१ एकटं दिलं तर ४टी१ ट्यूमर (उंदराच्या स्तनकर्करोगाचं मॉडेल) फारसा हलत नाही.

४टी१ भरपूर जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी बनवायला लावणारं प्रथिन) सोडतो, त्यामुळे अस्थिमज्जा कच्च्या मायलॉइड पेशी (न्यूट्रोफिल वगैरेंच्या कुळातल्या) बाहेर लोटत राहते. बाल्ब/सी जातीच्या उंदीर-मादीच्या मॅमरी पॅडमध्ये (स्तनाच्या चरबीत) १ लाख ४टी१ पेशी टोचा आणि साडेतीन आठवड्यांनी पोट उघडा. प्लीहा चार-पाच पट जड झालेली दिसेल. टी पेशींना दडपण्याचा या मायलॉइड पेशींचा एक रस्ता अर्जिनेज-१ या एन्झाइमचा: आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपतं, टी पेशीतली सीडी३ झीटा साखळी घटते, रिसेप्टरचा निरोप आत पोचत नाही. दुसरा आयनॉस या एन्झाइमचा, म्हणजे ते बनवतं त्या नायट्रिक ऑक्साइडचा.

माझं जुनं भांडण वेगळंच आहे. फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरचे मार्कर मोजण्याच्या तंत्रात) सीडी११बी आणि जीआर-१ दोन्ही पॉझिटिव्ह दिसले की लोक 'एमडीएससी' (म्हणजे दडपणाऱ्या मायलॉइड पेशी) लिहून मोकळे होतात. अहो, निरोगी उंदराच्या न्यूट्रोफिलवरही हेच दोन मार्कर असतात! या पेशी टी पेशींना दडपतात की नाही, हे दोघी एकत्र ठेवल्याशिवाय कळत नाही.

गोल बुडाच्या ९६ वेल प्लेटमध्ये सीएफएसई (पेशी विभागली की फिका पडणारा रंग) लावलेल्या १ लाख टी पेशी, त्यांना चेतवायला अँटी-सीडी३ आणि अँटी-सीडी२८, त्यात प्लीहेतल्या मायलॉइड पेशी १:१, १:२, १:४ प्रमाणात, ७२ तास. ५० मायक्रोमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल विसरलात तर उंदराच्या टी पेशी एरवीही नीट वाढत नाहीत, आणि खापर फुटतं ट्यूमरवर. निरोगी उंदराच्या तशाच पेशी तेवढ्याच संख्येने शेजारच्या वेलमध्ये हव्यातच, कारण नुसत्या गर्दीनेही मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) संपतं. पेशी ताज्याच वापरा; गोठवून काढलेल्या ग्रॅन्युलोसाइट (न्यूट्रोफिलसारख्या पेशी) बहुतेक मरतात.

खरी गोम मीडियममध्ये आहे. आरपीएमआय १६४० या नेहमीच्या मीडियममध्ये आर्जिनिन लिटरला २०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १.१५ मिलिमोलर, रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट. एवढा साठा संपायलाच वेळ लागतो, मग 'आमच्याकडे अर्जिनेजचा काही संबंध दिसला नाही' असा निष्कर्ष निघतो. आर्जिनिनविरहित आरपीएमआय आणि डायलाइझ केलेला (लहान रेणू काढून टाकलेला) सीरम घ्या, वरून १५० मायक्रोमोलर आर्जिनिन घाला. अर्जिनेज रोखणारं नॉर-नोहा घातल्यावर टी पेशींचं विभाजन परत आलं तर कारण अर्जिनेज, आयनॉस रोखणाऱ्या एल-एनएमएमएने आलं तर आयनॉस.

एक मात्र आहे, ४टी१ हे टोकाचं मॉडेल. बी१६ (मेलानोमा) किंवा एमसी३८ (आतड्याचा कर्करोग) या उंदराच्या दुसऱ्या मॉडेलांमध्ये प्लीहा इतकी फुगलेली सापडणार नाही. टी-रेग (इतर टी पेशींना आवरणाऱ्या टी पेशी) आणि टीजीएफ-बीटा (दडपणारं प्रथिन) मी इथे सोडूनच दिलेत. शिवाय प्लीहेतल्या पेशींवरून ट्यूमरमधल्या पेशींबद्दल बोलू नका, त्या वेगळ्या काढून वेगळ्या तपासा.