माळ्यावरची रायफल आणि परवान्यातला '.२५६ बोअर'

प्रश्न (थोडक्यात): वडील गेल्या वर्षी वारले. माळा आवरताना ट्रंकेत, तेलकट कापडात गुंडाळलेली आजोबांची रायफल आणि सात काडतुसं सापडली. रायफल विचित्र आहे: लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत, बोल्टचा (नळीमागच्या सरकत्या कडीचा) दांडा चमच्याच्या दांड्यासारखा चपटा, चाप दोन, आणि मॅगझिन (काडतुसं भरायचा कप्पा) आतल्या आत गोल फिरतं. बोल्ट अजून लोण्यासारखा सरकतो. वडिलांच्या परवान्यात '.२५६ बोअर' (नळीच्या आतलं माप) आणि लंडनच्या एका दुकानाचं नाव आहे. रायफलीवर मात्र नळीवर तेच नाव आणि मागे 'स्टायर', नेटवर ६.५ मिमी दाखवतं. परवान्याचं शेवटचं नूतनीकरण १९९८ चं. ही शंभर वर्षांची वस्तू अँटिक ठरेल का? गंज घासून, नंबर नीट वाचून जाणकाराकडे नेऊ का?

उत्तर: घासू नका आणि कुठे नेऊही नका.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे, ज्याच्या ताब्यातल्या बंदुकीवरचा नंबर वा खूण पुसलेली निघते, ती त्यानेच पुसली असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. आज गंजाखाली का होईना, नंबर आहे. पॉलिश पेपरचे चार हात मारलेत तर तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा तुम्हीच घालवाल. आणि रायफल गाडीत टाकून जाणकाराकडे नेणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगून फिरणं. हेतू चांगला होता हे रस्त्यावरच्या नाकाबंदीत कोण ऐकणार?

आता तुमची मुख्य धास्ती, परवाना आणि रायफल जुळत नाही ही. मला वाटतं जुळतात. .२५६ हे इंचाचं माप आहे, २५.४ ने गुणा, ६.५ मिमीच येतं. ब्रिटिश विक्रेते याच रायफलींना .२५६ म्हणत. तुमचं वर्णन ऑस्ट्रियातल्या स्टायर इथे बनलेल्या मॅनलिखर-शोनॉवरचं दिसतं. १९०३ पासून ती निघाली आणि फिरतं मॅगझिन हीच तिची ओळख. लंडनची दुकानं अशा रायफली मागवून त्यांवर आपलं नाव कोरत. परवाना लिहिणाऱ्या कारकुनाने नळीवरचं नाव 'मेकर' म्हणून उतरवलं असावं. दोन चापांचंही गूढ नाही: मागचा चाप ओढला की पुढचा इतका हलका होतो की नुसतं बोट टेकलं तरी बार उडतो. म्हणूनच त्यांच्याशी चाळा नको.

पण हा माझा तर्क झाला, आणि पत्र वाचून बांधलेला. कोणत्या काडतुसाची नळी आहे हे पोलिसांच्या आर्मोररनेच (शस्त्रं तपासणाऱ्या तंत्रज्ञानेच) ठरवायचं, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. सैनिकी .३०३ किंवा ७.६२ मिमीचं काडतूस जिच्यातून उडतं ती रायफल प्रतिबंधित बोअरची, म्हणजे सामान्य माणसाला सहसा परवाना न मिळणाऱ्या मापाची. तिथे प्रकरण फार कठीण होतं. .२५६ त्यात बसत नाही.

अँटिकची आशा सोडा. कलम ४५ ची सूट जुनाट बनावटीच्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेतलं हवं. तुम्हीच लिहिलंय की बोल्ट लोण्यासारखा सरकतो. मग वय शंभर असो की दीडशे, ती बंदूकच.

माळ्यावर ती आहे हे माहीत नव्हतं तोवर तुम्ही गुन्हेगार नव्हता. नुसतं घरात असणं पुरेसं नाही, जाणीव लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) मध्ये सांगितलंय. पण ट्रंक उघडल्यापासून जाणीव आहे. कलम २१ सांगतं, विनाकारण उशीर न करता शस्त्र जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. न केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन ते पाच वर्षं आणि दंड. काडतुसांनाही हेच लागू.

तेव्हा आजच ठाण्याला लेखी अर्ज द्या: केव्हा, कुठे, कशी सापडली, सोबत परवान्याची आणि मृत्यू दाखल्याची प्रत. घरी येऊन पंचनामा करून ताब्यात घ्यावी अशी विनंती करा आणि शिक्क्यासह पोच घ्या. पंचनामा स्वतः वाचा. माझ्या एका अशिलाच्या पंचनाम्यात बंदुकीच्या नंबरऐवजी पेटंटचं वर्ष उतरलं होतं, आणि ते निस्तरायला दोन वर्षं गेली. 'दोन चाप' बघून कुणी 'दुनळी' लिहू नये. रायफलीवर जेवढे आकडे, तेवढे सगळे जागेसह नोंदवून घ्या; बोल्टवरचा वेगळा, नळीवरचा वेगळा.

पुढे वारस म्हणून परवाना हवा असेल तर शस्त्र नियम, २०१६ खाली जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्तांकडे अर्ज करता येतो. भावंडांचं ना-हरकत पत्र तयार ठेवा. १९९८ नंतरच्या खंडाबद्दल विचारणार, त्यामुळे परवाना मिळेलच असं मी म्हणणार नाही. नाही मिळाला तर परवानाधारकाला विकता येते. यापैकी काहीच मुदतीत केलं नाही तर ती सरकारजमा होते, म्हणून जमा करतानाच ती मुदत ठाण्यात विचारून घ्या.