पणजोबांच्या पेटीतलं पितळ

प्रश्न : पणजोबांच्या पत्र्याच्या पेटीत पितळेची एक छोटी, वाकडी पट्टी सापडली. वर इंग्रजी ‘टी’, मधे ४ चा आकडा आणि खाली ‘हॅम्पशायर’. सोबत तांब्याच्या रंगाचं एक पदक आहे, त्याच्या एका बाजूला घोडेस्वार. पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते, गोऱ्यांच्या पलटणीत हवालदार होते, असं घरात सांगतात. ही पलटण कोणती? आणि हवालदारकीचं खरं का?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : आधी एक विनंती. त्या दोन्ही वस्तू चिंच लावून घासू नका. आपल्याकडे पितळ दिसलं की हात शिवशिवतात. पण घासल्याने अक्षरं जातात, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर अक्षरांतच आहे.

पट्टी म्हणजे गणवेशाच्या खांद्यावर लावायची खूण. ‘टी’ म्हणजे टेरिटोरियल. ही पलटण हॅम्पशायर रेजिमेंटची चौथी बटालियन, ठाणं विंचेस्टर. तिचं मूळ १८५९-६० मधलं. फ्रान्स चालून येईल या धास्तीने तेव्हा इंग्लंडात गावोगाव हौशी बंदूकधाऱ्यांची पथकं निघाली. पुढे ती रेजिमेंटला जोडली गेली आणि १९०८ मध्ये युद्धमंत्री हॉल्डेन यांनी त्यांची टेरिटोरियल फोर्स केली. आठवडाभर आपापला कामधंदा, संध्याकाळी कवायत, उन्हाळ्यात छावणी. कायद्याने काम एकच, मायदेशाची राखण. परदेशी जायचं तर स्वखुशीने.

पहिलं महायुद्ध पेटलं. १९१४ च्या ऑक्टोबरात त्यांना जहाजात बसवलं ते हिंदुस्थानसाठी. इथल्या पक्क्या गोऱ्या पलटणी फ्रान्सला हव्या होत्या, त्यांच्या बराकी भरायला ही मंडळी. त्या हिवाळ्यात त्याच नावाची दुसरी तुकडीही इकडे आली. म्हणून कागदोपत्री पहिलीला १/४ आणि दुसरीला २/४ लिहितात. खांद्यावर मात्र दोघांच्याही हेच पितळ. दुसरी पुढे पॅलेस्टाइन आणि फ्रान्सला गेली. बसरा पाहिला तो पहिलीने, मार्च १९१५ मध्ये.

जुलैत नासिरियाची लढाई झाली. मराठवाड्यातला मे आपण काढतो, पण तिथला उन्हाळा त्याच्या वरताण, आणि ही पोरं विंचेस्टरची. गोळीपेक्षा ऊन आणि तापानेच जास्त माणसं खाटेला लागली. मग कूत, आजच्या इराकातलं तैग्रिस नदीकाठचं गाव. ७ डिसेंबर १९१५ पासून जवळपास पाच महिने जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, आणि हॅम्पशायरचं मुख्यालय व एक कंपनीही. अन्न संपत आलं तसे घोडे कापले. गोऱ्यांनी खाल्ले, आपल्या बहुतेक शिपायांनी हात लावला नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून ‘खायला हरकत नाही’ अशा तारा मागवल्या, तरी बरेच दिवस नाहीच. त्यामुळे स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा भरेनात. विमानातून पिठाच्या पोत्यांबरोबर गिरणीचे दगडसुद्धा टाकले होते, कारण धान्य होतं तर दळायची सोय नव्हती. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. कैदेत गेलेल्या सुमारे २,६०० गोऱ्या शिपायांपैकी १,७०० हून जास्त परतलेच नाहीत.

वेढ्याबाहेर राहिलेले हॅम्पशायरवालेही सुटले नाहीत. कूत सोडवायला निघालेल्या फौजेत ते होते आणि २१ जानेवारी १९१६ ला हन्ना इथे चिखलात त्यांची दाणादाण उडाली. त्याच तैग्रिसकाठच्या फौजेत ९७वी डेक्कन इन्फन्ट्री होती, मूळची निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची. तुमचं हिंगोली, जालना, मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई) ही त्या कंटिंजंटचीच ठाणी. १९१८ मध्ये हॅम्पशायरची ही पलटण पार इराणात रश्तपर्यंत पोचली. तिथे गुरख्यांबरोबर लढली. दुसऱ्या महायुद्धात ट्युनिशिया आणि इटलीत सालेर्नो. रेजिमेंट १९९२ मध्ये दुसऱ्या एका रेजिमेंटमध्ये विलीन झाली.

आता हवालदारकी. गोऱ्या पलटणीत हिंदी माणूस शिपाई म्हणूनसुद्धा भरती होत नसे, मग हवालदार कुठून? पण गोऱ्या पलटणीबरोबर हिंदी माणसं असायचीच. भिस्ती, धोबी, स्वयंपाकी, भंगी. फौजेच्या भाषेत फॉलोअर. आणि इथे तुमचं पदक बोलतं. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसरीकडे उघडा घोडेस्वार आणि १९१४-१९१८ असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल. लढणाऱ्या शिपायाला ते चांदीचं मिळे; फॉलोअर आणि मजूर तुकड्यांना काशाचं. तांब्याच्या रंगाचं म्हणता, म्हणजे काशाचंच. पणजोबा पखाल किंवा पातेलं घेऊन गेले असणार, बंदूक घेऊन नव्हे. घरच्यांना हे जरा लागेल. पण हन्नाच्या त्या चिखलात पाण्याची पखाल पाठीवर घेऊन फिरणं हवालदारकीपेक्षा सोपं होतं, असं मला तरी वाटत नाही.

खांद्याचं पितळ कुणीही कुणालाही देऊ शकतो, त्यावर फार भिस्त ठेवू नका. पदकाच्या कडेवर मात्र नंबर, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. नाव बहुतेक इंग्रजी स्पेलिंगमध्ये बिघडलेलं असेल. दुपारच्या उजेडात भिंग लावून वाचा, कोळशाची पूड हलकेच चोळली तर अक्षरं उठून दिसतात. जसं दिसेल तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट, लिहून पाठवा.