वाचकांचे प्रश्न : मे अखेरचं रान

प्रश्न : मेच्या शेवटच्या आठवड्यात भीमाशंकरच्या रानात सकाळी नऊपासून तीन तास फिरलो. पाचोळा आणि चार सातभाई पक्षी सोडले तर काही दिसलं नाही. शेकरू पाहायचं तर काय करावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नऊ म्हणजे उशीर झाला. या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा तुम्ही रानात असायला हवं. ऊन चढलं की शेकरू सावलीतल्या फांदीवर नाहीतर घरट्यात पडून राहतं. पुन्हा हलतं ते उन्हं उतरल्यावर.

दुसरी अडचण पाचोळ्याची. या महिन्यात पावलागणिक आवाज होतो, म्हणून जितकं जास्त चालाल तितकं कमी दिसेल. चालायचं ते फळाला आलेलं जांभूळ किंवा उंबर शोधण्यापुरतं. झाडाखाली ताजी, अर्धवट कुरतडलेली फळं पडली असतील तर तिथे नक्की कुणीतरी येतंय. बुंध्यापासून वीस-पंचवीस मीटरवर, सूर्य पाठीशी येईल असे, खोडाला टेकून पाऊण तास बसा. पहिली पंधरा मिनिटं बहुधा काही घडत नाही आणि लोक नेमके तेव्हाच उठतात. मग आधी बुलबुल येतात, तांबट येतो. शेकरूची चाहूल लागते ती वरून पडणाऱ्या फळांच्या तुकड्यांनी किंवा त्याच्या खडखडीत ओरडण्याने.

घरटं म्हणजे काटक्या-पानांचा मोठा गोळा. शेजारच्या झाडांचे शेंडे एकमेकांत मिसळतात तिथे, उंच बारीक फांद्यांत तो दिसेल. एकाच शेकरूची अनेक घरटी असतात, म्हणून रिकाम्या घरट्याखाली ताटकळू नका. टाळ्या वाजवून त्याला बाहेर काढणं तर नकोच.

पहाटे किंवा तिन्हीसांजेला दोन सुरांची स्वच्छ शीळ आली तर तो नवरंग पक्षी. पावसाच्या तोंडावर तो विणीसाठी इकडे येतो आणि जमिनीवर पाचोळा उलथून किडे टिपतो, तेव्हा नजर खाली ठेवा. मोबाईलवर आवाज लावून त्याला कधीही बोलावू नका. हद्द राखायला तो धावून येतो आणि घरटं बांधायचा त्याचा वेळ त्यातच जातो.

प्रश्न : पांढरा कुडा आणि काळा कुडा कसे ओळखावे? दोन्हींना पांढरी फुलं आणि चीक आहे. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : फूल जवळून पाहा. मधोमध पांढऱ्या तंतूंची झालर असेल तर काळा कुडा. झालर नसेल तर पांढरा. शेंगा दोन्हींच्या जोडीनेच लोंबतात, पण काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या असतात. फक्त पानावरून ठरवायला जाल तर फसाल.

प्रश्न : दोडामार्गच्या जंगलात उन्हाळ्यात फिरताना गोचिडांची भीती कितपत खरी? (एक वाचक, बांदा)

उत्तर : खरी आहे. त्या भागात 2016 मध्ये माकडतापाची साथ आली होती आणि हा ताप पसरतो गोचिडांमुळेच. पिल्लू-गोचीड तर खसखशीएवढं, सहज नजरेतून सुटतं. फिकट रंगाचे पूर्ण कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसताना खाली जाड कापड घ्या. घरी आल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाका आणि काखा, जांघा, कानामागे, गुडघ्यामागे तपासा. चिकटलेलं गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. काडीने चटका दिला किंवा तेल ओतलं तर ते आणखी लाळ सोडतं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. पुढच्या आठवड्याभरात ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर जंगलात गेला होतात हे डॉक्टरांना आधी सांगा.