कॅबिनेट उघडल्यानंतरचे प्रश्न

दिवाळीची साफसफाई झाली की हीच पत्रं येतात: धूळ झटकली, रॅम वाढवली आणि चांगला चालणारा पीसी बंद पडला. बहुतेक वेळा काही जळालेलं नसतं, हाताच्या धक्क्याने एखादा कनेक्टर सैल झालेला असतो. मात्र पुन्हा उघडण्याआधी पिन भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटन काही सेकंद दाबून धरा. नुसतं शट डाउन केलं तरी मदरबोर्डला पाच व्होल्ट चालूच असतात.

रॅमची दुसरी पट्टी बसवली. पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. दुकानदार फोनवरच म्हणाला, मदरबोर्ड गेला. (सोलापूर)

न बघता मदरबोर्ड ‘गेला’ म्हणणाऱ्याकडून मदरबोर्ड विकत घेऊ नका. नवी पट्टी काढा, जुनी एकटी लावून बघा. स्लॉटची कडी ‘टक्’ करून आपोआप मिटली पाहिजे. पट्टी बसल्यासारखी दिसते, पण एक टोक केसभर वर राहिलेलं असतं, हे मी सर्वात जास्त पाहतो. चार स्लॉट असतील तर एकट्या पट्टीची जागा बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी असते, मॅन्युअलमध्ये खात्री करा. रॅम नव्या डीडीआर५ प्रकारची असेल तर पहिल्यांदा चालू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. तेवढ्यात बटन दाबू नका. तरीही डिस्प्ले आला नाही, तर तुमच्या डोळ्यांदेखत तपासणाऱ्या माणसाकडे न्या.

ग्राफिक्स कार्ड लावलं. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. (नगर)

मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाच्या पोर्टला लावा. कार्डाला वेगळी पॉवर केबल लागत असेल तर तीही बघा.

धूळ काढून पीसी दुसऱ्या खोलीत लावला. आता कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. सगळे म्हणतात, कॉम्प्युटरला एवढा करंट असतोच, रबरी चप्पल घालून बस. (इचलकरंजी)

नसतो. कोणत्याही धड कॉम्प्युटरला नसतो. हा सल्ला देणाऱ्यांनी किती घरांत धोका तसाच राहू दिला असेल, या विचाराने मला खरोखर राग येतो.

काय होतं ते समजून घ्या. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, आत फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा 230 व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून फक्त झिणझिण्या. पण उद्या एसएमपीएसमध्ये फेज पत्र्याला टेकली, तर तो करंट वाहून न्यायला तुमच्या शरीराशिवाय वाट नसेल. याच अवस्थेत टीव्हीला एचडीएमआय केबल जोडताना पोर्ट जळतात ते वेगळंच.

तुमच्या बाबतीत खोली बदलली, म्हणून माझा पहिला संशय नव्या खोलीतल्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर आहे. स्वस्तातले कितीतरी बोर्ड मी उघडले: वर तीन भोकं, आत दोनच वायरी. अर्थिंगची जाडी पिन कापलेले प्लगही सर्रास दिसतात. आणि सर्वात वाईट म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ‘अर्थिंग करून दिलं’ म्हणणारे. मागे कुठे न्यूट्रल तुटली की त्याच जोडणीतून सगळा पत्रा 230 व्होल्टवर येतो.

चप्पल हा उपाय नव्हे. पीसी आजच बंद करून पिन काढून ठेवा. परवानाधारक वायरमन बोलवा आणि त्याला मीटर लावून फेज–अर्थ आणि न्यूट्रल–अर्थ व्होल्टेज तुमच्यासमोर मोजायला सांगा. पहिलं फेज–न्यूट्रलच्या जवळपास, दुसरं जेमतेम दोन-चार व्होल्ट यायला हवं. घरात 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट झिरपला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या. अर्थिंग ठीक निघालं तर एसएमपीएस तपासायला द्या. स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर भरलेले राहू शकतात.

प्रोसेसरचा पंखा काढून पुसला. आता पाच मिनिटांत मशीन बंद होतं. पेस्टऐवजी टूथपेस्ट चालते का? (जळगाव)

नाही. ती पेस्ट प्रोसेसरची उष्णता पंख्याखालच्या धातूकडे नेते. टूथपेस्ट वाळते आणि काम संपतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा, वाटाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट लावा. पंख्याला चार पुश-पिना असतील तर तिरक्या समोरासमोरच्या जोडीने दाबा. चारही बोर्डाच्या मागे बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच हवी. तरीही बंद पडलं तर वापरू नका, दाखवून घ्या.

दर वेळी तारीख मागे जाते. (चिपळूण)

मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदला.

मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस बदलला, केबल जुन्याच ठेवल्या. हार्ड डिस्क दिसत नाही, जळका वास आला. आठवडाभर चालू-बंद करून बघतोय. (पनवेल)

वास आला त्याच क्षणी थांबायला हवं होतं. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असलं, तरी एसएमपीएसकडच्या टोकाला सर्व कंपन्यांचं एकच मानक ठरलेलं नाही. एका कंपनीची केबल दुसरीला बसते, पण पाचच्या जागी बारा व्होल्ट जाऊ शकतात. सगळ्या केबल नव्या एसएमपीएससोबतच्याच लावा. डिस्क काढून ठेवा, पुन्हा जोडू नका. ‘सर्किट बदलून देतो’ म्हणणाऱ्याला देऊ नका. बहुतेक डिस्कच्या सर्किटवर त्याच डिस्कपुरती माहिती साठवलेली असते, नुसती पाटी बदलून भागत नाही. डेटा हवा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे, तपासणीचा खर्च आधी लेखी घेऊन, याच आठवड्यात न्या.